तारेच्या टोकाला माणूस हवा

१८९८ च्या ऑगस्टमध्ये प्लेगने बंगळूर गाठले ते लोहमार्गाने, हुबळीच्या दिशेने. मुंबई आणि पुणे त्याआधी दीड-दोन वर्षे गाठीच्या तापाने पोळून निघाले होते. म्हैसूर संस्थानच्या अखत्यारीतील जुनी पेठ आणि ब्रिटिशांच्या अखत्यारीतील लष्करी छावणी असे हे दुभंगलेले शहर. दोहोंचा कारभार वेगळा, पण साथीला त्यांच्यामधली हद्द ठाऊक नव्हती. साथनिवारणाच्या कामात मेळ राहावा म्हणून त्या दिवसांत शहरात दूरध्वनीच्या तारा टाकण्यात आल्या. पेठेतील दाट वस्ती विरळ करण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वसाहतींच्या कामाला गती मिळाली, शहरासाठी आरोग्य अधिकारी नेमण्यात आला, आणि १९०० साली व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते झाले.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला या नोंदींतील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दूरध्वनीची तार एकटी आली नाही. तिच्या आगेमागे आरोग्य अधिकारी आला, मोकळ्या वस्त्या आल्या, रुग्णालय आले. तार ही यंत्रणेची जागा घेण्यासाठी नव्हती. मुळात जी यंत्रणा उभी राहत होती तिच्या अवयवांना एकमेकांशी बोलता यावे, एवढेच तिचे काम होते. सव्वाशे वर्षांनी त्याच शहरात दुसरी महासाथ आली तेव्हा तार प्रत्येकाच्या खिशात पोहोचली होती. ज्या रुग्णाला १८९८ साली दूरध्वनी दिसलाही नसेल, त्याचा वारस आता पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा पाहू शकत होता. ही प्रगती निर्विवाद आहे. प्रश्न इतकाच की, तारेच्या आगेमागे जे यायला हवे होते ते या वेळी आले का?

टेलिमेडिसिनवरील आपली चर्चा सहसा दोन टोकांना होते. एका टोकाला तंत्रज्ञानाचे भाट, त्यांच्या मते खेड्यांतील डॉक्टरांच्या तुटवड्यावर उत्तर सापडले आहे. दुसऱ्या टोकाला जुन्या वळणाचे वैद्य, त्यांच्या मते नाडी हातात घेतल्याशिवाय निदान करणे हा व्यवसायाशी द्रोह आहे. करोनाच्या काळातील अनुभव या दोघांनाही पूर्णपणे साथ देत नाही. म्हणून तो नीट तपासायला हवा.

प्रथम कायद्याची बाजू. फोनवरून वैद्यकीय सल्ला आपल्याकडे कित्येक वर्षे दिला जात होता, पण त्याला नियमांची चौकट नव्हती. ती नसल्याने काय होते हे रत्नागिरीच्या प्रकरणाने दाखवून दिले. प्रसूतीनंतर रुग्णालयात पुन्हा दाखल झालेल्या एका महिलेवर, डॉक्टर हजर नसताना, फोनवरून दिलेल्या सूचनांनुसार उपचार झाले. पुढे तिचा मृत्यू झाला. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर औषध सांगणे हाच गुन्हा ठरतो की काय, अशी धास्ती देशभरातील डॉक्टरांमध्ये पसरली. खरे तर त्या प्रकरणातील मुख्य मुद्दा फोनचा नव्हताच. रुग्णाच्या उशाशी जबाबदार डॉक्टर नव्हता आणि त्याच्या जागी दुसऱ्याची सोयही झाली नव्हती, हा होता. आपण मात्र त्यातून फोनची भीती तेवढी उचलली, आणि उशाशी कोण असावे हा प्रश्न बाजूला राहिला.

ही धास्ती दूर झाली ती टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. २५ मार्च २०२० रोजी भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी नेमलेल्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या साहाय्याने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सरकारी दस्तऐवज वाचण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारखीला हा दस्तऐवज आपल्याकडच्या सर्वसाधारण परिपत्रकांपेक्षा उजवा वाटला. त्यात डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक रुग्णाला दाखवणे बंधनकारक आहे. औषधांच्या याद्या केलेल्या आहेत: काही औषधे फोन, संदेश, चित्रफीत अशा कोणत्याही माध्यमातून सुचविता येतात, काही पहिल्या भेटीत फक्त चित्रसंवादातूनच, काही केवळ आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला, आणि अमली तसेच मनोविकारांवरील काही कडक नियंत्रणाखालील औषधे कधीच नाहीत. दूरसल्ला पुरेसा नाही असे वाटल्यास रुग्णाला प्रत्यक्ष बोलावण्याचा अधिकार डॉक्टरांना आहे. संगणकीय प्रणालीने स्वतःच्या बळावर रुग्णाला सल्ला देऊ नये किंवा औषध लिहू नये, हेही तेव्हाच स्पष्ट केले गेले. आरोग्यसेवक रुग्णाजवळ बसून डॉक्टरांशी बोलेल, हा प्रकार या तत्त्वांनी स्वतंत्रपणे मान्य केला. माझ्या दृष्टीने सबंध दस्तऐवजातील हे कलम सर्वांत मोलाचे आहे. त्याकडे मी पुढे येईन.

मी जयनगरमध्ये राहते. बसवनगुडीला लागून असलेली ही वसाहत तिच्यापेक्षा अर्धशतकाने धाकटी; १९४८ साली तिची पायाभरणी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली. झाडांनी आच्छादलेले रस्ते, आखीव चौक, आणि आता बहुसंख्येने वयोवृद्ध झालेले रहिवासी. कित्येक घरांत मुले अमेरिकेत किंवा सिंगापुरात आणि इथे औषधांचे डबे सांभाळणारे आईवडील, असे चित्र आहे. टेलिमेडिसिनचा जो काही लाभ व्हायचा तो होण्यासाठी याहून अनुकूल जागा देशात क्वचितच सापडेल. हाकेच्या अंतरावर जयदेव हृद्रोग संस्था आणि निम्हान्स, हाती चांगले फोन, घरात वाय-फाय, आणि डॉक्टर ओळखीचे.

येथे लाभ झालाच. २०२० च्या उन्हाळ्यात मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा जुन्या दुखण्यांच्या रुग्णांना दवाखान्यात जाण्याची भीती वाटत होती आणि ती रास्त होती. त्यांचे डॉक्टर त्यांना वर्षानुवर्षे ओळखत होते. अशा वेळी दहा मिनिटांच्या चित्रसंवादाने औषधाची मात्रा बदलता येत होती. मानसिक आरोग्याच्या बाबतीत तर फोनने जे केले ते दवाखान्याला कदाचित जमले नसते. निम्हान्सने टाळेबंदीच्या सुरुवातीलाच देशव्यापी साहाय्य-दूरध्वनी सुरू केला आणि दूर-मनोपचाराची कार्यपद्धती लिहून काढली. २०२२ साली १० ऑक्टोबरला १४४१६ या क्रमांकावर सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही राष्ट्रीय सेवा त्याच अनुभवावर उभी आहे. ज्या आजाराविषयी शेजाऱ्याला कळू नये असे वाटते, त्यासाठी दवाखान्याच्या रांगेपेक्षा फोन अधिक दयाळू असतो.

कर्नाटक सरकारने एप्रिल २०२० मध्ये ‘आप्तमित्र’ ही सेवा सुरू केली. १४४१० हा क्रमांक फिरवायचा, लक्षणे सांगायची, आणि गरज असल्यास डॉक्टरांशी जोडून घ्यायचे. बंगळूरुमधून उभ्या राहिलेल्या ‘प्रोजेक्ट स्टेपवन’ या उपक्रमात स्वयंसेवक डॉक्टरांनी घरबसल्या हजारो फोन घेतले. त्यांच्या श्रमांविषयी मला आदर आहे. साथीच्या पहिल्या महिन्यांत भेदरलेल्या माणसाला कोणीतरी शांतपणे ऐकून घेणे हाही उपचाराचाच भाग होता.

मग अडचण कुठे आली? ती आली श्वासापाशी.

जुलै २०२० पासून सौम्य लक्षणांच्या रुग्णांनी घरीच राहावे असे धोरण ठरले. रुग्णालयांवरचा भार पाहता ते आवश्यकच होते. पण करोनाचा एक कावा असा होता की, रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेला तरी काही रुग्णांना धाप लागल्यासारखे वाटतच नसे. म्हणजे फोनवर ‘कसे वाटते?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘बरे आहे’ असे येई, आणि ते चुकीचे असे. खरे उत्तर बोटाला लावायच्या एका छोट्या यंत्रातच होते, किंवा रुग्णाला सहा मिनिटे चालवून पुन्हा ते यंत्र लावण्यात. घरी राहण्याचे सारे धोरण त्या यंत्रावर आणि ते वाचणाऱ्या माणसावर टेकलेले होते.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, आमच्या भागातील आम्ही काही निवृत्त मंडळींनी घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णांना रोज फोन करण्याचे काम अंगावर घेतले होते. माझ्या यादीत वीसेक घरे असत. त्यांतील दोन घरे मला धोरणाच्या कोणत्याही अहवालापेक्षा अधिक शिकवून गेली. पहिले घर एका निवृत्त प्राध्यापकांचे, जयनगरमधलेच. त्यांचा मुलगा न्यू जर्सीहून दर चार तासांनी चित्रसंवाद करी, आकडे वहीत उतरवून घेई आणि ते ओळखीच्या फिजिशियनला पाठवी. आकडा ९३ वर आला त्याच संध्याकाळी प्राणवायूचे यंत्र भाड्याने घरी आले. दुसरे घर शेजारच्या तिलकनगरमधले, चार घरी स्वयंपाकाची कामे करणाऱ्या बाईंचे. घरात फोन एकच, तो नवऱ्याकडे, आणि नवरा सामानाची ने-आण करायला दिवसभर बाहेर. मी रात्री फोन केला की तो सांगे, ‘मेडम, ती बरी आहे, फक्त फार झोपते.’ त्या झोपेचा अर्थ मला फोनवर कळणे शक्य नव्हते आणि कोणा डॉक्टरलाही कळला नसता. तिसऱ्या दिवशी त्या वस्तीची आशा कार्यकर्ती दारात गेली, तिने बोटाला यंत्र लावले, आकडा ८४ निघाला. खाट मिळायला मध्यरात्र उलटली. बाई वाचल्या.

दोन्ही घरांना एकच साहाय्य-क्रमांक उपलब्ध होता. दोन्ही घरे एकाच महापालिकेच्या एकाच विभागात होती. फरक पडला तो रुग्णाच्या बाजूला कोण होते याने. पहिल्या घरात शिक्षण, पैसा आणि परदेशातला मुलगा मिळून एक आरोग्यसेवक तयार झाला होता. दुसऱ्या घरात तो सरकारने पाठवावा लागला, आणि सुदैवाने एका मानधनावरच्या बाईच्या रूपाने तो पोहोचला. टेलिमेडिसिन डॉक्टरांचा तुटवडा भरून काढते असे आपण म्हणतो तेव्हा एक गोष्ट विसरतो: फोनमुळे डॉक्टर दूर गेला की त्याचे डोळे आणि हात यांचे काम रुग्णाच्या घरातल्या कोणावर तरी येऊन पडते. ज्यांच्याकडे असे कोणी नाही, त्यांच्यासाठी ही सेवा अर्धीच असते.

त्यात स्त्रियांचा प्रश्न वेगळा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ३३.३ टक्के होते, पुरुषांचे ५७.१ टक्के. म्हणजे ही पाहणी झाली तेव्हा तीनपैकी दोन स्त्रियांनी इंटरनेट कधीच वापरलेले नव्हते. शिवाय फोन घरात असणे आणि तो स्त्रीच्या हाती असणे यांत अंतर आहे. नवऱ्यासमोर, सासूसमोर, त्याच खोलीत बसून आपल्या दुखण्याविषयी डॉक्टरांशी काय बोलता येते, याचा विचार अॅप बनविणाऱ्यांनी किती केला असेल याची मला शंका आहे. भाषेचेही तेच. बीदर किंवा निपाणीकडची मराठी बोलणारी म्हातारी, कलबुर्गीची उर्दू बोलणारी आई, बंगळूरुच्या बांधकामांवरचा ओडिया मजूर, हे सारे एकाच राज्याच्या एकाच क्रमांकाचे हक्कदार असतात. प्रत्यक्ष दवाखान्यात खाणाखुणांनी निभावून जाते. फोनवर भाषा हेच शरीर असते.

रुग्णाच्या बाजूचा माणूस जसा अदृश्य राहिला तसाच फोन उचलणाराही. जयनगर तेव्हा महापालिकेच्या ज्या दक्षिण विभागात येत असे, त्याच्या वॉर रूममध्ये ४ मे २०२१ रोजी खासदार तेजस्वी सूर्या काही आमदारांसह गेले. खाटांच्या वाटपात पैसे खाल्ले जात असल्याचा त्यांचा आरोप होता आणि त्याची चौकशी व्हायलाच हवी होती. परंतु तेथे काम करणाऱ्या दोनशेहून अधिक जणांपैकी केवळ मुस्लिम कर्मचाऱ्यांची नावे मोठ्याने वाचून दाखविण्यात आली. त्यांना कामावरून बाजूला व्हावे लागले. पोलीस चौकशीत त्यांच्याविरुद्ध काही आढळले नसल्याच्या बातम्या नंतर आल्या. राजकारणाचा भाग सोडून दिला तरी प्रशासनाच्या दृष्टीने यात एक धडा आहे. ज्या व्यवस्थेत रुग्णाचा जीव फोनवरच्या निर्णयावर टांगलेला असतो, तेथे तो फोन उचलणारी माणसे कंत्राटदाराने पुरविलेली, अल्प वेतनावरची, नेमणुकीचे कवच नसलेली होती. खाट का मिळाली आणि का मिळाली नाही याची सुस्पष्ट, कोणालाही तपासता येईल अशी नोंद असती, तर भ्रष्टाचार करणाऱ्यालाही जागा उरली नसती आणि संशयाचे बोट फिरविणाऱ्यालाही.

आता चामराजनगरकडे वळू. बंगळूरुच्या दक्षिणेस, तमिळनाडू आणि केरळच्या सीमेवरचा हा जिल्हा. देशातील टेलिमेडिसिनच्या इतिहासात त्याचे नाव फार आधी नोंदले गेले आहे. २००२ च्या सुमारास ‘इस्रो’च्या उपग्रहामार्फत चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय बंगळूरुच्या नारायण हृदयालयाशी जोडले गेले. जिल्ह्यातील हृदयरुग्णाचा आलेख शहरातील तज्ज्ञ पाहू शकत होता. स्मार्टफोन भारतात यायच्या कित्येक वर्षे आधीची ही कामगिरी आहे, आणि तिचा अभिमान बाळगणे योग्यच आहे.

त्याच जिल्ह्याच्या रुग्णालयात २ व ३ मे २०२१ रोजी चोवीस रुग्ण दगावले. प्राणवायू मैसूरहून यायचा होता, तो वेळेत आला नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने प्राणवायूच्या तुटवड्यावर बोट ठेवले. जिल्ह्यांतील अतिदक्षता विभागांना बंगळूरुतील तज्ज्ञांनी पडद्यावरून मार्गदर्शन करण्याची व्यवस्था राज्याने २०२० पासूनच उभी केली होती आणि तिने काही चांगले कामही केले. पण त्या रात्री जगातील सर्वश्रेष्ठ तज्ज्ञ पडद्यावर असता तरी त्याने ‘प्राणवायू वाढवा’ यापलीकडे काय सांगितले असते? सल्ला पोहोचविण्याची सोय या जिल्ह्यात एकोणीस वर्षे जुनी होती. सल्ला अमलात आणण्याची सोय तेथे नव्हती. मला वाटते, टेलिमेडिसिनविषयीच्या आपल्या सर्व भाषणांपूर्वी ही एक घटना वाचून दाखविली जावी.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. आक्षेप असा की, दगडापेक्षा वीट मऊ. ज्या गावात डॉक्टर कधीच जाणार नाही तेथे फोनवरचा डॉक्टर तरी मिळतो. भोंदू वैद्याकडे जाण्यापेक्षा ते बरे नव्हे काय? बरेच आहे. केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेची बाह्यरुग्ण शाखा १३ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत या व्यासपीठावरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली. मोहालीच्या सी-डॅकने विकसित केलेली ही यंत्रणा आकाराने जगातील मोठ्या सेवांपैकी आहे. पण तिच्या दोन शाखांतील भेद लक्षात घ्यायला हवा. एका शाखेत रुग्ण घरून थेट डॉक्टरांशी बोलतो. दुसऱ्या, आधीपासूनच्या म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या शाखेत तो आपल्या गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात जातो, तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब मोजते, साखर तपासते आणि त्याच्याशेजारी बसून डॉक्टरांशी बोलते. औषधही तेथेच मिळण्याची शक्यता असते. पहिली शाखा टाळेबंदीची गरज होती. दुसरी शाखा हे भविष्याचे धोरण असायला हवे. मार्गदर्शक तत्त्वांतील ज्या कलमाचा मी वर उल्लेख केला त्याचा अर्थ हाच आहे. विटेला विरोध नाही. पण वीट दिली म्हणजे घर बांधून दिले असे समजण्याला आहे.

येथे प्रशासनातील एका जुन्या दुखण्याविषयी लिहिणे भाग आहे. आपली यंत्रणा जो आकडा वर कळवावा लागतो त्याच्यामागे धावते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हाच्या प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याकडे उद्दिष्ट होते आणि प्रत्येकाने ते गाठण्याचा प्रयत्न केला. आकडा खराच होता. त्यातून लोकसंख्या धोरणाचे भले झाले नाही, उलट ते धोरण दोन पिढ्यांसाठी बदनाम झाले. आज दूरसल्ल्यांची संख्या हे जिल्ह्याच्या कामगिरीचे मोजमाप बनू पाहत आहे. मी सेवेत असताना पाहिलेल्या आढावा बैठकांच्या अनुभवावरून सांगते, एकदा हा आकडा तक्त्यात आला की तो वाढतोच. दोन मिनिटांचा फोनही सल्ला म्हणून नोंदला जातो, आणि केंद्रात हजर डॉक्टर असतानाही रुग्णाला पडद्यासमोर बसविण्याचा मोह होतो.

म्हणून मोजायचे असेल तर वेगळे मोजावे. दूरसल्ल्यानंतर किती रुग्णांना सांगितलेले औषध त्याच दिवशी मिळाले? ज्यांना ‘रुग्णालयात जा’ असे सांगितले त्यांपैकी किती जण खरोखर पोहोचले आणि किती तासांत? सल्ला घेणाऱ्यांत स्त्रिया किती, आणि त्यांपैकी स्वतः बोलल्या किती? हे आकडे जमविणे कठीण नाही. ते जाहीर करणे कठीण आहे, कारण ते मंत्र्याच्या भाषणात शोभत नाहीत. मुंबई महापालिकेने २०२० मध्ये खाटांचे वाटप चोवीस प्रभागांतील वॉर रूमकडे सोपविले तेव्हा रुग्णाला फोन करणारा प्रभागातील डॉक्टर, त्याच्या घरी जाणारे पथक आणि खाटेची माहिती ही सारी एका छताखाली आणण्याचा प्रयत्न होता. त्या व्यवस्थेतही दोष होते, पण तिची दिशा योग्य होती. तिच्यात फोननंतर कोण निघणार हे ठरलेले होते.

कायद्यातही एक पोकळी शिल्लक आहे. २०२० च्या तत्त्वांनी जबाबदारीचा जवळजवळ सर्व भार डॉक्टरांवर टाकला. ज्या कंपन्यांच्या व्यासपीठांवरून हे सल्ले दिले जातात त्यांच्यावर नोंदणीकृत डॉक्टरच ठेवण्यासारखी मोजकी बंधने आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी व्यावसायिक आचारसंहिता अधिसूचित केली, तीत टेलिमेडिसिनचा समावेश होता. पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी घाईने, तरीही चांगल्या हेतूने लिहिलेल्या पानांवरच हा व्यवसाय आजही उभा आहे. सल्ल्याची नोंद कोणाच्या ताब्यात राहते, औषधविक्री करणाऱ्या कंपनीनेच डॉक्टर पुरवावा का, सल्ला चुकला तर रुग्णाने कोणत्या दारात जावे, या प्रश्नांची उत्तरे शांततेच्या काळात द्यायची असतात. साथीच्या काळात तेवढी फुरसत नसते.

पुण्याच्या १८९७ च्या प्लेगची आठवण महाराष्ट्राला नव्याने करून देण्याची गरज नाही. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला संमत झालेला साथरोग कायदा हाती घेऊन रँडसाहेबाच्या पथकांनी घरांचे उंबरठे ओलांडले, माजघरे धुंडाळली, आणि राज्यसंस्था लोकांच्या मनातून कायमची उतरली. तोच कायदा २०२० साली पुन्हा वापरात आला. या वेळी आजाऱ्याशी राज्यसंस्थेचे बोलणे बहुतांशी उंबरठ्याबाहेरून, फोनवर झाले. पहिल्या प्रकारात नागरिकाचा सन्मान गेला. दुसऱ्यात ज्याच्याजवळ कोणी नव्हते तो नागरिक एकटा पडला. या दोन टोकांच्या मधली वाट अज्ञात नाही. घरात न घुसता, पण दाराशी येऊन, नाव विचारून, बोटाला यंत्र लावणारी आशा कार्यकर्ती ही ती वाट आहे. तिला आपण अद्याप कर्मचारी मानत नाही, मानधनावरची स्वयंसेविका मानतो.

पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही, पण तिच्यासाठी अॅप तयार असेल हे खात्रीने सांगता येते. अॅप बनविणे आपल्याला उत्तम जमते आणि बंगळूरुला तर फारच उत्तम जमते. प्रत्येक राज्याने त्याआधी चार गोष्टींची तयारी जिल्हावार लिहून जाहीर करावी: प्रत्येक वस्तीत रुग्णाशेजारी बसू शकेल असा प्रशिक्षित व पगारी माणूस कोण, त्याच्या पिशवीत कोणती साधने, सांगितलेले औषध कोणत्या केंद्रात, आणि प्राणवायूचा साठा किती तासांचा. ज्या जिल्ह्याला ही चार उत्तरे देता येतील त्याने खुशाल टेलिमेडिसिनचा विस्तार करावा. ज्याला देता येत नाहीत, त्याने नव्या पडद्यांची खरेदी थांबवून आधी ही चार उत्तरे खरी करावीत.